दांडी ओढली, पाणी आलंच नाही! : काचेचा वॉशर घरच्या घरी दुरुस्त करताना

(या भागाचं हे शब्दांकन. मधलं खोकणं आणि चौदा वेळा आलेलं "म्हणजे" काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. जिथे आवाजाची क्लिप वाजवली, तिथे कंसात तसं लिहिलंय.)

आज गप्पा सुरू करायच्या आधी एक आवाज ऐकवते. हेडफोन असतील तर लावा.

(क्लिप : खर्रर्र... खर्रर्र... खर्रर्र...)

ओळखलात? कोरड्या काचेवर फिरणारा वायपर. फळ्यावर नख ओढल्यासारखं होतं ना अंगात? हाच आवाज मी गेल्या जुलैत मुंबई-गोवा हायवेवर ऐकला आणि त्या दिवशी आमचं काही खरं नव्हतं.

झालं असं की आम्ही तिघं चिपळूणहून डोंबिवलीला परत येत होतो. मी चालवत होते, बाबा शेजारी, आई मागे. गाडी अकरा वर्षांची, आम्ही सेकंड हँड घेतलेली हॅचबॅक. माणगाव सोडलं, कोलाड यायचं होतं. पाऊस थांबलेला, म्हणजे अगदी थांबलेला नाही, ती जी भुरभुर असते ना, वायपर लावू की नको अशी, तसली. रस्त्याचं काम चालू, एका ठिकाणी डायव्हर्जन, आणि तिथे समोरून एक ट्रक खड्ड्यातून गेला. फट्! अख्ख्या काचेवर लाल चिखल.

मी सवयीने वायपर लावला आणि तीच चूक झाली. चिखल पुसला गेला नाही, पसरला. आधी निदान ठिपक्यांच्या मधून काहीतरी दिसत होतं, आता सगळीकडे चॉकलेटी पडदा. पाण्यासाठी दांडी स्वतःकडे ओढली. काही नाही. परत ओढली. काही नाही. समोरून एसटी येतेय हे मला दिसलं नाही, ऐकू आलं, हॉर्नवरून.

गाडी ताशी ६० ने जात असेल तर एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. मी तीनचार सेकंद तरी दांडीशी झटापट करत होते. हिशेब करा, पन्नास-साठ मीटर रस्ता मी न बघता कापला. नंतर हा हिशेब केला तेव्हा हात गार पडले. त्या क्षणी सुचलं ते एवढंच की खिडकीतून डोकं बाहेर काढायचं, हॅझर्ड लाइट लावायचे आणि डावीकडे हळूहळू घेत थांबायचं. थांबलो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. ते शांतपणे म्हणाले, "अगं, डॉक्टर म्हणाले होते सगळं स्वच्छ दिसेल." मग बिसलेरीची बाटली घेऊन उतरले आणि काच धुतली. पुढे पनवेलपर्यंत दर वीस-पंचवीस मिनिटांनी हाच कार्यक्रम. आईने मागून बाटल्या पुरवल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. धो धो पावसात वॉशर नसला तरी चालून जातं, कारण पाऊसच काच धुतो. उन्हाळ्यात कोरडी धूळ असते, ती थांबून फडक्याने पुसता येते. जीव घेते ती भुरभुर, म्हणजे रस्ता ओला, काच अर्धी कोरडी आणि पुढे ट्रक. आणि नेमकं पावसाळ्यातच आपण वॉशरची टाकी भरत नाही, कारण "बाहेर एवढा पाऊस पडतोय, पाणी कशाला भरायचं?" मीही हेच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी गाडी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. नाव घेत नाही. त्यांनी बोनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "मोटर गेलीय मॅडम. टाकीसकट बदलावी लागेल. साडेतीन हजार." मी विचारलं, मोटर गेली हे कशावरून? तर म्हणे, "पाणी येत नाही ना, मग मोटरच." माझं डोकं तिथेच ठणकलं. घरातल्या नळाला पाणी येत नसेल तर कुणी थेट सोसायटीचा पंप बदलत नाही. आधी बघतो, टाकीत पाणी आहे का, व्हॉल्व्ह बंद आहे का, नळाच्या जाळीत कचरा अडकलाय का. गाडीचं पाणी काय वेगळं असतं?

तर आज तेच करूया. आधी या यंत्रणेत आहे काय ते सांगते, दोन मिनिटांत संपेल.

एक प्लॅस्टिकची टाकी. तिचं तोंड बोनेटखाली दिसतं, झाकण बहुतेक वेळा निळं, त्यावर काच आणि कारंज्याचं चित्र. टाकीचं पोट मात्र खाली, बंपरच्या किंवा पुढच्या चाकाच्या आड लपलेलं. पोटाच्या तळाशी, रबरी बुचात खोचलेली छोटी बारा व्होल्टची मोटर, तीच पंप. तिथून पेन्सिलीपेक्षा बारीक नळी निघते, इंजिनच्या कडेने वर येते, बिजागरीपाशी बोनेटमध्ये शिरते, तिथे एक टी असतो, आणि टीपासून दोन फाटे दोन नोझलना. बऱ्याच गाड्यांमध्ये मध्ये कुठेतरी एक बारीकसा व्हॉल्व्ह असतो, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, म्हणजे दांडी सोडल्यावर नळीतलं पाणी परत टाकीत उतरत नाही. बस. मिक्सर याहून जास्त गुंतागुंतीचा असतो.

आणि हो, झाकणावरचं चित्र बघूनच पाणी ओता. कूलंटची टाकीही शेजारीच असते, तीही प्लॅस्टिकचीच, आणि ती गरम असताना उघडली तर अंगावर उकळतं पाणी येतं. माझ्या एका मैत्रिणीने ब्रेक ऑइलच्या डबीत पाणी ओतायला झाकण उघडलं होतं, शेजारच्या काकांनी ओरडून थांबवलं. चित्र नीट दिसत नसेल तर मॅन्युअल उघडा. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, तुम्ही अजून उघडलं नसेल, तरी आहे.

आता खरं काम. सगळ्यात आधी हातात काही घ्यायचं नाही, फक्त ऐकायचं.

शांत जागा बघा. इंजिन बंद, एसीचा पंखा बंद, गाणी बंद. चावी "ऑन"वर, इंजिन सुरू न करता. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबायचं, दोनदा दाबलं की बहुतेक गाड्यांचे दिवे लागतात. मग दांडी ओढा, तीनचार सेकंद. कुणी मदतीला नसेल तर फोन वापरा. व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करायचं, फोन पुढच्या चाकाजवळ जमिनीवर ठेवायचा, आत जाऊन दांडी ओढायची, परत येऊन ऐकायचं. मग दुसऱ्या बाजूच्या चाकापाशी तेच. जिथे आवाज मोठा, तिथे तुमची मोटर आहे. स्टेथोस्कोपच झाला की नाही?

माझ्या गाडीचं रेकॉर्डिंग ऐका.

(क्लिप : घुंईंईं... घुंईंईं...)

ही आमची "गेलेली" मोटर. छान गुणगुणतेय. म्हणजे वीज येतेय, फ्यूज ठीक, स्विच ठीक, मोटर फिरतेय. एका आवाजाने अर्धी गाडी तपासून झाली. आता उरलं फक्त पाणी. टाकी, नळी आणि नोझल यांच्यात कुठेतरी ते अडकलंय किंवा गळतंय.

आणखी एक क्लिप. हीच मोटर, टाकी रिकामी असताना.

(क्लिप : आधीपेक्षा बारीक, चढा आवाज)

फरक कळला? भार नसला की मोटर चढ्या सुरात धावते. असा आवाज आला तर आधी टाकी भरा, आणि मग स्वतःला हसा. पण रिकाम्या टाकीवर दांडी धरून बसू नका. पाणी हेच या पंपाचं वंगण, कोरडा फिरवला की तो खरंच जातो. पाणी असतानाही सलग दहा सेकंदांच्या वर ओढू नये.

टाकी भरली, आवाज आहे, तरी काचेवर पाणी नाही. मग काय? अर्धं-अर्धं करत जायचं. बोनेट उघडा, टीच्या अलीकडची नळी हाताने हलकेच फिरवत ओढून काढा. जुनी नळी कडक झालेली असते, झटका दिला तर प्लॅस्टिकचा टीच तुटेल. कुणाला तरी दांडी ओढायला सांगा. तुटक्या टोकातून पाण्याची चिळकांडी आली, तर मागचं सगळं ठीक आणि दोष पुढे, टीमध्ये किंवा नोझलमध्ये. आली नाही, तर दोष मागे. मग मागच्या भागाचं परत अर्धं. एवढंच शास्त्र.

हे करताना इंजिन गार हवं. चावी ऑन असेल तेव्हा रेडिएटरच्या पंख्याजवळ बोटं, ओढणी, मोकळे केस काहीही न्यायचं नाही, काही गाड्यांमध्ये तो पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो.

माझ्याकडे बाबांनी दांडी ओढली. मोटर गुणगुणली. नळीच्या टोकाला एक थेंब आला नाही. पण हेडलाइटच्या मागे कुठेतरी टपटप ऐकू आलं. टॉर्च मारला तर बॅटरीच्या बाजूला शेंगांची टरफलं, कापसाचे पुंजके आणि अर्ध्या चपातीचा तुकडा. उंदीर! आणि नळीला चांगला दोन इंचाचा भाग कुरतडलेला, बारीक बारीक दातांच्या खुणा. म्हणजे मोटर बिचारी इमानदारीने पाणी पाठवत होती, आणि ते सगळं उंदराच्या बिऱ्हाडात जात होतं. साडेतीन हजार देऊन टाकी आणि मोटर बदलली असती तरी काचेवर थेंब आला नसता!

नळी आणायला मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले नाही, माशांच्या दुकानात गेले. खायच्या नव्हे, फिश टँकच्या! तिथे हवेच्या पंपाची पारदर्शक नळी मिळते, आतून ४ मिलिमीटरची. बऱ्याच गाड्यांच्या वॉशरला ती बसते. पण जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या, तिथेच जोडून बघा. त्याच दुकानात सरळ जोड आणि टीसुद्धा मिळतात. माझा सगळा खर्च पन्नासच्या आत. कुरतडलेला भाग ब्लेडने सरळ कापला, मध्ये नवा तुकडा, दोन्हीकडे जोड. नळी जोडावर चढत नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, मऊ होते आणि गार झाली की घट्ट आवळते. तेल लावू नका, निसटेल. हा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे तो इंजिनला, एक्झॉस्टला टेकणार नाही अशा बेताने बांधा. कायमचं करायचं असेल तर रबरी नळीच घ्या. माझी फिश टँकची नळी एक वर्ष टिकलीय, पण मी तिच्यावर लक्ष ठेवून असते.

मधला तो व्हॉल्व्ह काढलात तर परत लावताना बाणाची दिशा बघा. उलटा लावला की पाणी कायमचं बंद, आणि तुम्ही दोन तास शोधत बसाल. हा सल्ला अनुभवातून आलाय, जास्त विचारू नका. हा व्हॉल्व्ह खराब झाल्याची खूणही सोपी असते. दांडी ओढल्यावर पाणी येतं, पण दोन-तीन सेकंद उशिरा. दर वेळी नळी रिकामी होते आणि परत भरावी लागते. हायवेवर ते दोन-तीन सेकंदही खूप असतात.

एक विचित्र दोष ऐकलाय का? बोनेट उघडं ठेवून तपासलं की पाणी मस्त येतं, बंद केलं की गायब. तिथे भूत नसतं. बिजागरीपाशी नळी दुमडते, बोनेट खाली आलं की चेपली जाते. नळी थोडी सैल करून क्लिपमध्ये परत बसवली की झालं.

तर माझी नळी जोडली. बाबांनी दांडी ओढली. उजव्या नोझलमधून कारंजं, डावं नोझल मात्र म्हाताऱ्या नळासारखं ठिबकतंय. पाऊण लढाई जिंकलो होतो, पण ड्रायव्हर बसते उजवीकडे, म्हणून डावं सोडून द्यायचं का? नाही. वळणावर डावीकडची काचच लागते.

डाव्या नोझलच्या तोंडाशी पांढरी खपली होती. आमच्या सोसायटीत वर्षातले चार महिने टँकर येतो, बोअरचं पाणी. तुमच्या घरी बादलीला, गीझरला जो पांढरा थर बसतो, तोच क्षार इथे. भोक केवढंसं, त्यात एक कण पुरे. कधी गाडीला पॉलिश करताना मेणही त्यात जाऊन बसतं. सगळे जण सांगतात, टाचणी घाला. घाला, पण दोन अटींवर. पहिली अट, तुमचं नोझल ठिपक्यासारख्या भोकाचं असेल तरच. काही नव्या गाड्यांमध्ये पाणी पंख्यासारखं पसरवणारी नोझल असतात, त्यांच्यात टाचणी घातली तर आतली घडण बिघडते. दुसरी अट, फक्त टाचणी घालून थांबू नका, कारण कचरा तुम्ही आत ढकललाय, तो उद्या परत तोंडाशी येणार. बोनेटच्या आतून नोझलची नळी काढा, मेडिकलमधून सुई नसलेली दहा मिलिलीटरची सिरिंज आणा, आणि बाहेरच्या तोंडाला टेकवून पाणी उलटं आत दाबा. कचरा आला तसा परत जातो. क्षार हट्टी असेल तर थोडं व्हिनेगर तसंच आत सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, साध्या पाण्याने धुवा. पत्र्यावर सांडलेलं व्हिनेगर लगेच पुसा. नळीत तोंडाने फुंकलं तरी कळतं की वाट मोकळी आहे की नाही, पण फुंकायचं हं, ओढायचं नाही. काही वॉशर लिक्विडमध्ये मिथेनॉल असतं, ते विष आहे.

मग आलं नेम धरणं. नोझलमध्ये एक बारीक गोळी असते, तिच्या भोकात टाचणी अडकवून ती किंचित फिरवता येते. मी फिरवली जरा जास्त. दांडी ओढली तर पाणी काच ओलांडून, छपरावरून, थेट मागे उभ्या असलेल्या बाबांच्या नव्या चष्म्यावर. ते म्हणाले, "आता चष्म्यालाही वायपर बसव." पाणी उभ्या गाडीत काचेच्या मध्याच्या थोडं वर पडायला हवं. कारण चालत्या गाडीत वारा ते खाली दाबतो. बरोबर मध्यावर लावलंत तर ८०च्या वेगाने ते बोनेटच्या कडेलाच पडेल. टाचणी केसभर हलवायची, बघायचं, परत हलवायची. घाई केली की शेजारी आंघोळ करतात.

आता दुसरी शक्यता. दांडी ओढली आणि आवाजच नाही.

यावर नाशिकहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. त्यांच्या गाडीत पाणीही नाही, आवाजही नाही. मी विचारलं, वायपर फिरतो का? म्हणाले, नाही, तोही बंद आहे, पण तो वेगळा प्रॉब्लेम असेल. अहो, वेगळा कसला! बऱ्याच गाड्यांत दोघांचा फ्यूज एकच असतो. मॅन्युअलमध्ये फ्यूज बॉक्सचा नकाशा असतो, एक डबा स्टिअरिंगच्या खाली, दुसरा बोनेटखाली. चावी काढून मग फ्यूज ओढा, उजेडात धरा, आतली तार तुटलीय का बघा. रंगावरून अँपिअर कळतात, लाल १०, निळा १५, पिवळा २०. जितक्याचा होता तितक्याचाच घाला. १५ उडाला म्हणून २०चा घालणं, किंवा चांदीचा कागद गुंडाळणं, म्हणजे गाडीत आगपेटी ठेवणं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर थांबा, कुठेतरी तार शॉर्ट झालीय, ते काम इलेक्ट्रिशियनचं. त्यांचा पंधराचाच होता, नवा टाकला, दोन्ही सुरू झाले, आणि त्यांनी मला आनंदाने वायपरचाच आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

फ्यूज ठीक असेल तर मोटरपर्यंत जावं लागतं. स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे चाक आडवं होऊन त्याच्यामागचं काळं प्लॅस्टिक दिसतं. त्याच्या काही क्लिपा काढून ते थोडं वाकवलं की बऱ्याच गाड्यांत टाकी आणि मोटर हाताशी येते. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही.

मोटरचा प्लग काढा. पिनांवर हिरवट पूड दिसली तर तांबं गंजलंय, जुन्या टूथब्रशने घासा, परत लावा, बघा. कित्येकदा इथेच काम होतं. नाही झालं तर मल्टिमीटर प्लगच्या दोन टोकांना लावा आणि दांडी ओढायला सांगा. बारा व्होल्टच्या आसपास दिसलं तर वीज येतेय, मोटरच गप्प आहे. काहीच दिसलं नाही तर दोष तारेत, रिलेत किंवा दांडीच्या स्विचमध्ये, आणि नवी मोटर आणून उपयोग नाही. मोटर गप्प असेल तर टाकून द्यायच्या आधी एक प्रयोग करा. कुणाला तरी दांडी ओढून धरायला सांगा आणि मोटरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन-तीन टिचक्या मारा. महिनोनमहिने न वापरल्याने ती आतून चिकटलेली असते, कधीकधी दचकून जागी होते. जागी झाली तरी तिचा फार भरवसा धरू नका.

मोटर बदलायचीच असेल तर तीही फार अवघड नाही. बादली खाली ठेवा, कारण मोटर ओढली की टाकीतलं सगळं पाणी त्या भोकातून येतं. रबरी बुचात एक जाळी असते, ती काढून धुवा. माझ्या जाळीवर हिरवी साय होती. रबर कडक झालं असेल तर तेही नवं घ्या, नाहीतर तिथूनच गळेल. नवी मोटर बसवताना बुचाला साबणाचं पाणी लावा, सरकन आत जाते.

गळतीवरून आठवलं. टाकी भरता आणि दोन दिवसांत रिकामी होते, अशी तक्रार असेल तर रात्री कोरड्या पार्किंगमध्ये पुढच्या भागाखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. मात्र एसी लावून आलात तर त्याचंही पाणी ठिबकतं, ते दोष नाही. टाकीत निळं लिक्विड असेल तर फरक लगेच कळतो.

आणि हॅचबॅकवाल्यांनो, मागची काच! तिला पाणी पोचवणारी नळी पुढून निघून छताच्या अस्तरातून अख्खी गाडी ओलांडते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी मोटर, काहींत तीच मोटर उलटी फिरून मागे पाणी पाठवते. ही नळी मध्येच सुटली तर पाणी गाडीच्या आत पडतं. पाऊस नसताना डिकी ओली, छताला डाग, पायाखालची मॅट ओली, आणि तुम्ही दरवाजाच्या रबरावर संशय घेताय. अशा वेळी मागच्या वॉशरचं बटण दाबणं बंद करा आणि आधी डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी नळी बघा. रोजच्या उघडझापीने ती बहुधा तिथेच तुटते.

शेवटी पाणी कुठलं भरायचं? सगळ्यात वाईट म्हणजे आरओतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी. ते भांड्यात साठवून गाडीत ओतणारे खूप आहेत, बचत म्हणून. पण सगळा क्षार त्यातच एकवटलेला असतो! आरओचं प्यायचं पाणी किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर चालेल, त्यात वॉशर लिक्विड बाटलीवर लिहिलंय तितकंच. शॅम्पू आणि भांड्याचा साबण मला पटत नाही, फेस होतो, काचेवर रात्री समोरच्या दिव्यांचे फराटे दिसतात. नुसतं पाणी महिनोनमहिने साठवू नका. लेजिओनेअर्स नावाचा न्यूमोनिया होतो, त्याबद्दल इंग्लंड आणि वेल्समध्ये अभ्यास झाला होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वॉशरमध्ये लिक्विड न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्यांना धोका जास्त दिसला होता. फवारा उडतो तेव्हा आपण तो श्वासात घेतो, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. आणि मनाली-लडाखला निघाला असाल तर न गोठणारं लिक्विडच हवं, साधं पाणी गोठून टाकी आणि मोटर दोन्ही फोडतं.

ऑगस्टमध्ये आम्ही परत चिपळूणला गेलो. निघताना बाबांनी स्वतः दांडी ओढून बघितली, दोन्ही बाजूंनी कारंजं आलं. तरी आईने मागच्या सीटवर पाण्याच्या चार बाटल्या ठेवल्याच. त्या मी काढायला लावल्या नाहीत.

तुमच्या गाडीच्या मोटरचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा, कुठल्या बाजूच्या चाकापाशी घेतलाय तेही सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवते. आणि त्या उंदराचं पुढे काय झालं, तेही तेव्हाच. चला, भेटूया!